टॉवरचा नारळ

काल दुपारी लाईट गेली आणि हॉलमधला पंखा थांबला. थांबताना तो थोडा कुरकुरतो. ती कुरकुर ऐकून मी स्वयंपाकघरातून सवयीने विचारलं, "ट्रिप झाली का हो?" मग गॅस बारीक केला आणि वरणाला फोडणी दिली. उत्तर येणार नाही हे विचारतानाच ठाऊक होतं. असं अजून होतं. आता त्याचं काही वाटत नाही, आणि काही वाटत नाही याचंही काही वाटत नाही.

श्रावण पुन्हा लागला आहे. वरसेत आमच्या बिल्डिंगच्या मागे अजून दोन-तीन खाचरं शिल्लक आहेत, बाकी सगळीकडे स्लॅब पडले. त्या उरलेल्या भातावर मध्येच ऊन येतं, मध्येच सर येऊन जाते. बायका सोमवारी बेल घेऊन निघतात, शाळेत मुलं डब्यात साबुदाण्याची खिचडी आणतात, भाजीवाली टाकळा आणि कुर्डूचे वाटे लावते. सगळं वेळच्या वेळी होतं आहे. मी मात्र या श्रावणात उभी राहून गेल्या वर्षीचा श्रावण बघते आहे. तो आमच्याकडे सुनावणीचा श्रावण म्हणून ओळखला जातो. निदान मी तरी तसाच ओळखते.

आमच्या गच्चीवरून पेणकडून येणारी विजेची मोठी लाईन दिसते. डोंगराच्या कुशीतून टॉवर एकामागून एक उतरत येतात आणि रोह्याच्या बाजूला वळतात. हे धाटावच्या एका कंपनीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होते. सकाळचा चहा घेऊन ते गच्चीत जायचे आणि त्या तारांकडे बघत बसायचे. उन्हाळ्यात म्हणायचे, "बघ, किती लोंबली आहे. म्हातारी झाली बिचारी. लोड झेपत नाही तिला आता." एवढं निरखून तुम्ही माझ्याकडे कधी पाहिलं नाहीत, असं मी चिडवायची. ते म्हणायचे, "तू कुठे ट्रिप होतेस?"

त्यांच्या कंपनीत लाईन ट्रिप होऊन क्षणभर जरी लाईट गेली तरी अख्खी बॅच वाया जायची. मग फोन यायचा आणि ताटावरून उठून हे गाडीला किक मारायचे. म्हणून ही लाईन बदलली पाहिजे, जास्त दाबाची नवी टाकली पाहिजे, असं त्यांचं वर्षानुवर्षांचं म्हणणं. लग्नकार्यात, बारशात, कुठेही विषय काढायचे. लोक वाढलेली जिलबी घेऊन दुसरीकडे सरकायचे.

गेल्या वर्षी फाल्गुनात, होळीच्या आधी, एका रविवारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. डॉक्टरांनी हार्टचं सांगितलं. लोक आले, बसले, गेले. मुलगी बंगळुरूहून आली, दिवसकार्य उरकून परत गेली. मी शाळेत जाऊ लागले. नववीला विज्ञान शिकवते मी. फळ्यावर सर्किट काढायची, बाण दाखवायची, मुलं वहीत उतरवून घ्यायची. मी बधिर झाले होते. दुसरा शब्द मला सापडत नाही. दातांच्या डॉक्टरकडून इंजेक्शन घेऊन बाहेर पडल्यावर गालाला हात लावला की गाल दुसऱ्याचाच वाटतो, तसं सगळं अंग दुसऱ्याचं वाटायचं.

आणि नेमकं तेव्हाच लाईनचं निघालं. जुनी काढून नवी टाकणार, टॉवर जवळजवळ दुप्पट उंच, तारांखालचा पट्टा रुंद, काही ठिकाणी मार्गही सरकवणार. ग्रामपंचायतींवर नोटिसा लागल्या, श्रावणात पेणला जाहीर सुनावणी ठरली आणि पेणपासून रोह्यापर्यंत ज्याला त्याला वीजशास्त्र कळू लागलं. आमच्या स्टाफरूममध्ये दोन तट पडले. एक म्हणे, लाईन नाही तर कारखाने जातील, मग पोरांनी काय करायचं? दुसरा म्हणे, तारांखाली गुरं गाभडतात, मोबाईल तापतो, माणसाला झोप लागत नाही. आमचे गणिताचे सर तर तारांमुळे पाऊस कमी झाला म्हणत होते, आणि त्या दिवशी बाहेर असा कोसळत होता की त्यांचं वाक्यही धड ऐकू येईना. सगळे माझ्याकडे वळायचे, कारण माझा नवरा त्यातला. मी म्हणायची, "मला नाही बाई त्यातलं कळत." खरं तर कळत होतं. पण बोलायला तोंड उघडावं असं वाटत नव्हतं.

मला गप्प बसून चालण्यासारखं मात्र नव्हतं. कासूला खाडीच्या बाजूला आमच्या बाबांची भातशेती आहे. मी एकुलती एक, म्हणून आता माझ्या नावावर. बाबा शिक्षक होते, त्यांनी कधी नांगर धरला नाही. शेत कसतो बाळाराम, त्याच्या आधी त्याचा बाप कसायचा. शेताच्या पलीकडे मातीचा मोठा बांध, बांधापलीकडे खाडीचं खारं पाणी. तो बांध आहे म्हणून भात आहे. भरतीला बांध एका जागी जरी फुटला तरी खारं पाणी आत शिरतं आणि मग पुढची कितीतरी वर्षं त्या मातीत दाणा धरत नाही.

या शेताच्या मधोमध जुन्या लाईनचा एक टॉवर उभा आहे. तो मी लहान असताना आला. त्या जागी आधी राखणदाराचा दगड होता. राखणदार म्हणजे शेताचा रक्षणकर्ता देव, बांध सांभाळणारा. टॉवरच्या पायासाठी खड्डा खणला तेव्हा कुणी कुणाला विचारलं नाही, दगड काँक्रीटखाली गेला. गावात मोठा गहजब झाला म्हणतात. मग पुढच्या श्रावणात लावणी उरकल्यावर, नारळ द्यायची वेळ आली तेव्हा, बाळारामच्या बापाने थोडा विचार केला आणि नारळ टॉवरच्याच पायापाशी फोडला. देव खाली आहे, वर हा उभा आहे, म्हणजे देवानेच अंगावर लोखंड चढवलं, असा त्याचा हिशेब. तेव्हापासून टॉवर हाच राखणदार. त्याच्या एका पायाला शेंदूर लागला. नारळ मालकाच्या घरून यायचा आणि कसणाऱ्याने फोडायचा, अशी रीत. बाबा देव मानत नसत, पण नारळ पाठवायला चुकत नसत. निवडून आणायचे, कानाशी हलवून बघायचे.

लग्न झाल्यावर नारळ न्यायचं काम जावयाकडे आलं. पहिल्याच वर्षी यांनी बघितलं, भर पावसात, चिखलात अनवाणी उभं राहून बाळाराम टॉवरच्या पायाला एका हाताने कवटाळून दुसऱ्या हाताने नारळ आपटतोय. हे घाबरलेच. एरवी काही होत नाही, पण त्याच क्षणी वर वीज पडली किंवा लाईनमध्ये काही बिघडलं तर करंट टॉवरमधून जमिनीत उतरतो आणि जवळ उभा असलेला माणूस जागीच संपतो. यांनी समजावलं. बाळाराम हसला. "राकनदार आपल्याच मानसाला मारंल व्हय, दाजी?" हे म्हणाले, निदान पायात गमबूट तरी घाला. यावर बाळारामची बायको, गंगावहिनी, कमरेवर हात ठेवून पुढे आली. "देवासमोर पायतान घालून उबा राहील? काय बोलताव काय दाजी!"

पुढच्या वर्षी हे कंपनीतून टाकाऊ रबर मॅटचा एक तुकडा घेऊन गेले. स्विचबोर्डासमोर अंथरतात ती काळी, रेघारेघांची मॅट. टॉवरपासून चांगला एक बांबू लांब त्यांनी ती अंथरली, समोर एक दगड ठेवला आणि सांगितलं, "यावर उभं राहायचं. नारळ या दगडावर फोडायचा. रबराबाहेर पाय नाही. टॉवरला हात तर नाहीच." अनवाणी उभं राहायला मिळतंय म्हटल्यावर गंगावहिनीची हरकत राहिली नाही. आणि प्रात्यक्षिक दाखवायला त्या वर्षी हे स्वतःच उभे राहिले. मग दर वर्षी तेच उभे राहू लागले.

परत येताना ट्रेनमध्ये त्यांनी मला खरं सांगितलं. त्या रबराचा तिथे फारसा उपयोग नाही. ते कमी दाबाच्या विजेसाठी असतं, आणि खाली चिखल, वर पाऊस. "मग कशाला न्यायचं?" मी विचारलं. "रबर आहे म्हणून ते लांब उभे राहतात. लांब उभे राहिले की झालं. 'लांब राहा' म्हटलं असतं तर ऐकलं असतं का?" स्वतःवर खूश होऊन त्यांनी दोन भजी जास्त खाल्ली.

पण त्यांनी गंगावहिनीला ओळखलं नव्हतं. त्यानंतरच्या श्रावणात आम्ही गेलो तर रबर धुऊन, पुसून, घरात देवांच्या शेजारी गुंडाळून ठेवलेलं, त्याला हळदकुंकू लागलेलं. शेतावर नेताना ती ते डोक्यावरून न्यायची. हे कपाळाला हात लावून बसले. "अहो, कंपनीचं भंगार आहे ते!" मला हसू आवरेना. ती म्हणाली, "भंगार असंल तुमच्या कंपनीत. आमचा रबर हाय."

सुनावणीच्या आधीच्या आठवड्यात बाळाराम वरसेला आला. जिन्यात छत्री उघडी ठेवली, पाय धुतले, यांच्या फोटोकडे थोडा वेळ बघितलं आणि खुर्चीच्या कडेला बसला. "ताई, नवा टावर बांधाच्या अंगाला येतोय. जुना काडनार. गाड्या बांधावरून आननार. बांध बसला तर आमी संपलो. माजं बोलनं कोन ऐकतंय? जमीन तुमच्या नावाव हाय. तुमी उबं रावून नाय म्हना." मी चहा दिला. तो म्हणाला, "दाजी काय बोलले असते, मला म्हाईत हाय. तरी मी इचारतोय."

तो चहा पिऊन गेला. हो म्हणावं तर बाळारामचं शेत जातं. नाही म्हणावं तर ज्या माणसाने जन्मभर या लाईनचा ध्यास घेतला, तो जाऊन सहा महिने व्हायच्या आत त्याच्या विरुद्ध उभं राहायचं. दुसऱ्या कुणाला यावर रडू आलं असतं, राग आला असता. मला काहीच आलं नाही. मी कपबश्या विसळल्या.

सुनावणीच्या दिवशी पेणला लवकर पोहोचले म्हणून रिक्षाने हमरापूरला जाऊन आले. आमचा गणपती वर्षानुवर्षं वसंतदादांच्या कारखान्यातून यायचा. वर्ष व्हायचं होतं, तेव्हा यंदा मूर्ती नको, एवढंच सांगायचं होतं. लाईट गेलेली. रांगेने मूर्ती उभ्या, अंगाला रंग बसलेला, डोळे अजून लिहायचे. दमट हवेत काहीच वाळत नव्हतं. वसंतदादा कॉम्प्रेसरवर बसून पुठ्ठ्याने वारा घेत होते. "बघ गो, ही आमची दशा. पंखे बंद, फवारा बंद. सीझन असा बसून घालवायचा काय? लाईन व्हायलाच पायजे." मग म्हणाले, "आमच्या घरावरून नको म्हणा." मी मूर्तीचं सांगितलं. त्यांनी मान हलवली, आणि आमची नेहमीची, उजव्या हाताला ठेवलेली मूर्ती दुसऱ्या कुणाचं नाव न घालता तशीच ठेवून दिली.

हॉल भरला होता. ओल्या छत्र्यांचं पाणी खुर्च्यांखालून वाहत होतं. समोर टेबलावर तीन साहेब, मागे पडद्यावर नकाशा, त्यावर लाल रेघ. एक जण उद्योगाच्या बाजूने बोलला, टाळ्या पडल्या. एक जण शेतकऱ्याच्या बाजूने बोलला, त्याहून मोठ्या टाळ्या पडल्या. दोघेही बोलून झाल्यावर फोनवर बोलत बाहेर गेले. गावांची माणसं मात्र नुसती बसून होती. रस्ता, कालवा, पाईपलाईन, गोदाम, प्रत्येक वेळी ती अशीच बोलावली गेली होती आणि अशीच बसली होती. त्यांच्या चेहऱ्यांकडे बघून मला पहिल्यांदा जाणवलं की बधिर मी एकटीच नाही.

माझं नाव पुकारलं. मी उठून माईकपाशी गेले. माझ्याकडे दोन भाषणं तयार होती, एक होकाराचं, एक नकाराचं. त्यातलं कुठलं करायचं ते माईक हातात येईपर्यंत ठरलं नव्हतं. तेवढ्यात मागून बायकांच्या घोळक्यातून गंगावहिनी उभी राहिली. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

"सायेब, मला येक इचारायचं हाय. ह्यो आमचा टावर बारका. नवा मोठा येनार, व्हय ना?"

साहेब म्हणाले, "हो. बराच मोठा."

"मंग त्याला रबर केवढा जाड लागंल?"

साहेबांना समजेना. त्यांनी शेजारच्या साहेबांकडे बघितलं.

"नारल फोडताना पायाखाली घालायचा रबर," ती म्हणाली. "आमचे दाजी आनायचे कंपनीतून. ते आता नायत. मोठ्या टावराला तो जुना रबर पुरनार नाय. तो कुठं मिलतो, तेवडं सांगा. आमी आनू."

हॉलमध्ये हशा पिकला. साहेबही हसले, वाईट मनाने नव्हे. बाळारामने मान खाली घातली. ती मात्र तशीच उभी, उत्तराची वाट बघत. हशा ओसरला तरी बसली नाही. सगळ्या हॉलमध्ये तिला उत्तर देऊ शकणारं माणूस एकच होतं, आणि त्याच्या हातात माईक होता.

"वहिनी," मी म्हटलं. माझा आवाज लाऊडस्पीकरमधून माझ्याच कानावर आला. "तेच रबर पुरेल. फक्त आणखी लांब टाकायचं. ते असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं."

"नक्की?"

"नक्की."

ती बसली. मग मी साहेबांकडे वळले. दोन्ही भाषणं कुठे गेली कोण जाणे. मी म्हटलं, "लाईनची गरज आहे. माझ्या घरातल्या माणसाने ती आयुष्यभर सांगितली. पण खाडीच्या बांधावरून एकही गाडी न्यायची नाही. भात उचलल्यावर या, आतल्या बाजूने या, आणि बांधाला धक्का लागला तर तो भरतीच्या आधी बांधून द्यायचा. हे मान्य असेल तर माझा होकार, नसेल तर माझ्या जमिनीत पाय ठेवायचा नाही." साहेब म्हणाले, "नोंद घेतली आहे." पुढचं नाव पुकारलं गेलं.

बाहेर बाळाराम भेटला. मला वाटलं रागावला असेल. तो म्हणाला, "बांधाचं बोललाव, बरं केलंव." एवढंच. आम्ही वडापाव खाल्ला आणि आपापल्या गाडीला गेलो. त्या श्रावणात वर्षाच्या आत म्हणून मी शेतावर गेले नाही, नारळ बाळारामबरोबर पाठवून दिला. बाबांसारखा कानाशी हलवून बघितला तेवढा.

वर्ष उलटलं. नोंदीचं काय झालं ते कुणालाच नक्की सांगता येत नाही. उन्हाळ्यात मोजणीवाले येऊन गेले आणि लाल रंगाच्या खुंट्या ठोकून गेले. त्या बांधापासून आतल्या अंगाला आहेत, असं बाळाराम सांगतो. काम दिवाळीनंतर म्हणतात, आणि गाड्या कुठून येतील ते तेव्हाच कळेल. स्टाफरूममध्ये आता कुणी लाईनचं बोलत नाही, सध्या हायवेचं चालू आहे. जुनी लाईन तशीच लोंबते आहे आणि काल दुपारी ट्रिप झाली.

आज सकाळी मी नारळ घेऊन कासूला गेले. लावणी होऊन भाताने हिरवा रंग धरलाय, त्यात त्या लाल खुंट्या उभ्या आहेत. गंगावहिनी रबर डोक्यावर घेऊन पुढे, मागे मी, मागे बाळाराम. तिने ते अंथरलं, नेहमीच्या जागेहून जास्त लांब, मी हॉलमध्ये सांगितलं होतं तसं. दगडही सरकवून आणला. मी नारळ बाळारामपुढे धरला. त्याने हात मागे घेतले.

"तुमीच फोडा, ताई," गंगावहिनी म्हणाली.

"मी? वहिनी, अगं मी कशी..." विधवा बाईने देवाला नारळ फोडायचा नसतो, हे मी शाळेत मुलांना कधी शिकवलेलं नाही, पण माझ्या जिभेवर तेच आलं.

"रबर तुमच्या घरचा हाय. त्याव उबं तुमीच रायाचं."

मी चपला काढल्या आणि रबरावर उभी राहिले. समोर दूर टॉवर, त्याच्या पायावर शेंदूर, वर तारांची बारीक गुणगुण. मला काहीच जाणवलं नाही. यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, रबरावर उभं राहिलं की काही जाणवता कामा नये, नाही जाणवलं म्हणजे ते आपलं काम करतंय. मी नारळ दगडावर आपटला. तिसऱ्यांदा फुटला. पाणी मातीत गेलं. बाळारामने एक वाटी टॉवरच्या दिशेने भिरकावली आणि हात जोडले.

बांधावर येऊन मी पाय धुवायला बसले. गंगावहिनीने कळशी तिरपी केली आणि थांबली. माझ्या तळपायांवर रबराच्या रेघा उमटल्या होत्या, सरळ, एकाशेजारी एक.

"दाजींच्या पायाला पन अशाच उठायच्या," ती म्हणाली. "मीच पानी घालायची ना त्यांना."

एवढ्या वर्षांच्या संसारात मी त्यांचे तळपाय असे कधी पाहिले नव्हते. ते पाय धुवायला बसायचे तेव्हा मी पुढे निघालेली असायची, आणि घरी येईपर्यंत पाय कोरडे झालेले असायचे, त्यावर काही उरलेलं नसायचं. मला रडू आलं. गेल्या वर्षीच्या फाल्गुनात आलं नव्हतं, ते आलं. मी वहिनीला हाताने थांबवलं, पाणी घालू नको म्हटलं, आणि त्या रेघा पुसट होऊन जाईपर्यंत तिथेच बांधावर बसून राहिले.